भाचीची वही

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी मुंबईला नोकरी करते. गावात कोणी विचारले, "पोरगी काय करती?" तर बहीण सांगते, "शेअर बाजारात हाय." हे ऐकले की समोरचा माणूस एक तर डोळे मोठे करतो, नाही तर कानाला हात लावतो. मीही बरीच वर्षे असेच धरून चाललो होतो, की पोरगी सकाळी शेअर घेत असेल आणि संध्याकाळी विकत असेल. तसे काही नाही. तिचे काम निराळे आहे, आणि तुमच्या-माझ्या उसाच्या फडाशी त्याचा फार जवळचा संबंध आहे. त्या संबंधातून माझ्या हातून एक चूक घडली. ती आज तुम्हाला सांगायची आहे.

शेअर हा शब्द आपल्याला काही नवा नाही. माझ्या वडिलांनी सहकारी साखर कारखान्याचा शेअर घेतला तेव्हा दोन शेळ्या विकल्या होत्या, असे आई सांगायची. तो कागद अजून आमच्या ट्रंकेत आहे. त्याच्यावर सभासदाची साखर मिळते, वार्षिक सभेला हात वर करता येतो. पण त्याचा भाव रोज खाली-वर होत नाही, कारण तो कोणी बाजारात नेऊन विकत नाही. मुंबईच्या बाजारात जे शेअर विकले जातात ते खाजगी साखर कंपन्यांचे. त्यातल्या पुष्कळ मोठ्या कंपन्यांचे कारखाने उत्तर प्रदेशात आहेत, काहींचे कर्नाटक-तमिळनाडूत, थोड्यांचे आपल्याकडे.

भाची एका शेअर दलालाच्या पेढीत आहे. आमच्या खात्यात जसे कोणाकडे फळबाग, कोणाकडे मृदसंधारण, तसे त्या पेढीत कोणाकडे बँका, कोणाकडे औषधे, कोणाकडे सिमेंट. हिच्याकडे साखर. साखरेच्या आठ-दहा कंपन्यांचा पाठपुरावा करायचा. दर तीन महिन्यांनी त्यांचे हिशेब प्रसिद्ध होतात, ते उकलायचे. वार्षिक अहवालातली बारीक अक्षरे वाचायची, कारण नको असलेली गोष्ट तिथेच लपवलेली असते. कंपनीच्या साहेबांना फोनवरच्या सभेत प्रश्न विचारायचे. आणि शेवटी अहवाल लिहायचा, की हा शेअर घ्या, असला तर राखा, किंवा विकून मोकळे व्हा. सोबत वर्षभरात भाव कुठवर जाईल त्याचा आकडा. हे अहवाल म्युच्युअल फंडवाले वाचतात, विमा कंपन्या वाचतात. या कामाला 'रिसर्च अ‍ॅनालिस्ट' म्हणतात. बहिणीला मी सांगून ठेवले आहे, की इथून पुढे कोणी विचारले तर "साखरेचा हिशेब लिहिते" असे सांग.

हा हिशेब तिने मला एकदा माझ्याच डायरीत मांडून दाखवला. तुम्हीही पाटी घ्या. २०२३-२४ च्या हंगामाला एफआरपी होती १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,१५० रुपये. म्हणजे एका टनातून साडेएकशे दोन किलो साखर. कारखान्यावर भाव ३५ रुपये किलो धरला तर साखरेचे झाले सुमारे ३,५८७ रुपये. उसाचे ३,१५० वजा केले तर उरले ४३७. त्यातून कामगारांचा पगार, दुरुस्ती, चुना-गंधक, पोती आणि बँकेचे व्याज. मळी, बगॅस, वीज यांचे पैसे वेगळे मिळतात, पण मुख्य मार्ग इतका अरुंद. आता पाहा, दहा लाख टन गाळणाऱ्या कारखान्याचा उतारा नुसता दशांश एक टक्क्याने घसरला, तर टनामागे एक किलो साखर गेली. म्हणजे हजार टन. म्हणजे साडेतीन कोटी रुपये. आपण मात्र तोडीला उशीर झाला, ऊस फडात दोन दिवस पडून वाळला, तर फार तर मुकादमाला शिव्या देऊन गप्प बसतो.

म्हणून ही पोरगी उताऱ्याच्या मागे लागलेली असते, आणि म्हणून तिला मामा लागतो.

एकदा तिचा उत्तर प्रदेशातून फोन आला. तिकडे एका कंपनीच्या कारखान्याभोवतालच्या शिवारात ती फिरत होती. म्हणाली, "मामा, शेंड्याकडची पानं पिवळी पडून वाळतायत. शेतकरी म्हणतो पाणी कमी पडलं. कंपनीचे लोकही तेच म्हणतात." मी म्हटले, "एक कांडं उभं चीर आणि आत बघ." थोड्या वेळाने म्हणाली, "आत लाल आहे, मध्ये मध्ये आडवे पांढरे डाग आहेत." मी म्हटले, "आता वास घे." ती म्हणाली, "आंबूस. दारूसारखा." मी सांगितले, की बाई, ही लाल कूज. उभा ऊस तर जातोच, पण बेणे बदलल्यावाचून तिथला पुढचा ऊसही धड येणार नाही. तो वाण होता को ०२३८. कर्नालच्या केंद्रात तयार होऊन २००९ साली प्रसारित झालेला. उतारा इतका चांगला, की उत्तर प्रदेशातल्या कारखान्यांचे आणि शेतकऱ्यांचे त्याने सोने केले, आणि त्या नादात बहुतेक सगळ्या रानात तोच एक वाण उभा राहिला. मग रोगाने गाठले. एकाच वाणावर सगळे शिवार उभे करू नये हे आम्ही मेळाव्यांतून घसा कोरडा होईस्तोवर सांगतो. मुंबईतल्या एका अहवालात ते वाक्य छापून आले तेव्हा, खरे सांगतो, मला मेळाव्यापेक्षा जास्त बरे वाटले.

आता २०२३ सालाकडे येतो.

त्या वर्षीचा ऑगस्ट तुम्ही विसरला नसाल. १९०१ पासूनच्या नोंदीत देशभर इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. आमच्या सोलापूर जिल्ह्यात तर उजनी भरण्याची वाट पाहून डोळे शिणले, आणि ती त्या साली भरलीच नाही. गणपतीच्या आधी आठ दिवस भाची आली. पायात बूट, खांद्याला पिशवी, पिशवीत शाळेतल्या मुलांसारखी दोनशे पानी वही. मी तिला आबांच्या फडात नेले. आबा आमचे शेजारी, वयाने मला वडील. त्यांची जुलै २०२२ ची आडसाली लागण, को ८६०३२. आडसालीत आबांचा हात धरणारा आमच्या गावात कोणी नाही.

पोरीने कांड्या मोजल्या. खालच्या लांब, आणि वरच्या, पावसाने ओढ दिल्यानंतरच्या, बोटभर आखडलेल्या. मी दाखवले, "हे बघ, या कांड्यांनी सगळा ऑगस्ट लिहून ठेवलाय." तिने ते वहीत टिपले. आबांना विचारले, "एकरी किती पडेल?"

आबा म्हणाले, "एरवी पंचावन्न टन सोडत न्हाई. औंदा पंचेचाळीस आलं तरी देव पावला."

"आणि खोडवा?"

"खोडवा चाऱ्याला चाललाय बाई. कारखान्यापतुर पोचतोय कुठं."

मीही माझे ज्ञान पाजळले. कारखाने नोव्हेंबरात पेटतील, पण उसावाचून लवकर बंद पडतील, असे ठासून सांगितले. तिने तेही लिहून घेतले. मग ती आबांना विचारू लागली, की तुमचा कारखाना रसापासून थेट इथेनॉल करतो का, की आधी साखर काढून मळीपासून करतो? करत असेल तर निम्म्या रसाचे करतो का पावपट? इथेनॉलवर तिने पंधरा-वीस मिनिटे तरी घालवली असतील.

रात्री जेवताना मी हळूच विचारले, "काय गं, घ्यावेत का चार शेअर?"

ती हसली. म्हणाली, "मामा, पैसेवारी जाहीर व्हायच्या आधी तिचा आकडा तुम्ही कुणाला सांगता का?"

मी म्हटले, "नाही."

"मग मलाही विचारू नका." सेबीने २०१४ साली या लोकांसाठी नियम केले. त्यात आपल्या अहवालातल्या कंपनीचे शेअर अहवालाच्या आधी तीस दिवस आणि नंतर पाच दिवस अ‍ॅनालिस्टने घ्यायचे-विकायचे नाहीत, आणि स्वतःचा किंवा जवळच्या नातेवाइकाचा त्या कंपनीत पैसा असेल तर अहवालातच तसे लिहायचे, असे ठरले. हे तिने मला बाजरीची भाकरी मोडता मोडता समजावून सांगितले. मी मान हलवली. मात्र मनात म्हटले, की पोरगी बोलली नाही तरी तिचे प्रश्न बोलले. इथेनॉलचे एवढे विचारते म्हणजे इथेनॉलची चलती येणार.

दुसऱ्या दिवशी ती गेली. संध्याकाळी आबा ओट्यावर येऊन बसले. "काय म्हणाली रं पोरगी?"

"म्हणाली काही नाही," मी म्हटले, "पण आबा, इथेनॉलचं लई विचारत होती."

एवढेच वाक्य. आबांच्या मुलाच्या फोनवर शेअरचे खाते होते. रस्त्यात गेलेल्या जमिनीचे पैसे आले होते, त्यातले तीन लाख विहिरीपासून खालच्या रानात पाइपलाइन टाकायला वेगळे काढून ठेवलेले. त्या सप्टेंबरात साखरेचे शेअर असे चढत होते, की रोज बघावे तर कालच्यापेक्षा जास्त. त्या चढत्या भावात आबांनी तिन्ही लाख घातले. मीही चाळीस हजारांचे घेतले. आम्हा नोकरांना सट्टा वर्ज्य आहे, गुंतवणूक चालते. मी माझ्या मनाशी त्याला गुंतवणूक म्हटले.

ऑक्टोबरात तिचा अहवाल निघाला. गिऱ्हाइकांना गेल्यानंतर तिने मलाही एक प्रत पाठवली. इंग्रजी वाचायला मला वेळ लागतो. पहिल्याच पानावर होते, की नवी खरेदी नको, असेल ते राखा. कारण काय? तर महाराष्ट्र-कर्नाटकात ऊस कमी पडणार. ऊस कमी म्हणजे साखर कमी. साखर कमी आणि लोकसभेची निवडणूक तोंडावर, अशा वेळी सरकार साखर महाग होऊ देणार नाही, तर आधी इथेनॉलला जाणारा रस अडवील. आणि इथेनॉलच्या जोरावर तर सगळ्यांनी भाव चढवून ठेवले आहेत. खाली एक चौकट होती. सोलापूर जिल्ह्यातल्या पाहणीत आडसालीच्या वरच्या कांड्या आखडलेल्या आढळल्या, एकरी पंचावन्नचे पंचेचाळीस टन होण्याचा अंदाज, खोडवा चाऱ्याला.

वाचकहो, तो ऊस मी दाखवला होता. ते आकडे आबांच्या तोंडचे होते. ज्या दोघांनी तिला ही माहिती दिली त्या दोघांनीच उलट्या दिशेला पैसे लावले होते. तिने आमचे सगळे ऐकले आणि पुढची पायरी चढली. आम्ही तिचा एक प्रश्न ऐकला आणि तिथेच थांबलो.

पण माझी खरी चूक ही नव्हे. अहवाल वाचल्यावर उठून पलीकडच्या घरी जायला मला किती वेळ लागला असता? पन्नास पावले. गेलो नाही. भाव अजून बऱ्यापैकी टिकून होते. म्हटले, कशाला उगीच घाबरवा, आणि आपली चूक आपल्या तोंडाने कशाला सांगा.

७ डिसेंबर २०२३ ला केंद्राचा आदेश आला, की २०२३-२४ च्या इथेनॉल वर्षात उसाच्या रसापासून आणि पाकापासून इथेनॉल करायचे नाही, आणि हे ताबडतोब लागू. त्या एक-दोन दिवसांत कित्येक साखर कंपन्यांचे भाव शेकडा पाच-दहाने, काहींचे त्याहूनही जास्त कोसळले. आठवड्याने, १५ डिसेंबरला, सरकारने थोडी ढील दिली आणि १७ लाख टन साखरेइतका रस व बी-हेवी मळी इथेनॉलला वापरायला मुभा दिली. पण बाजाराचा जीव उडाला तो उडालाच. मार्चपर्यंत वाट पाहून आबांनी विकले. तीन लाखांचे दोन लाख चाळीस हजार हातात आले. तोवर पाइपलाइनचे काम राहून गेले होते, आणि त्या उन्हाळ्यात खालच्या रानातला दीड एकर खोडवा उभ्या उभ्या वाळला. साठ हजार एका बाजूला आणि तो खोडवा दुसऱ्या बाजूला. मला खोडवा जास्त लागला, कारण तो रोज जाता-येता दिसायचा.

मी आबांकडे गेलो ते डिसेंबरातच. ऑक्टोबरच्या अहवालाचे सगळे सांगून टाकले. आबा बराच वेळ तंबाखू मळत बसले. मग एवढेच म्हणाले, "मग आक्टोबरात का न्हाई आलास?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

यातली गंमत म्हणा, की दैवाची चेष्टा म्हणा, पुढे आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस अवकाळी पाऊस झाला. द्राक्षवाल्यांचे त्याने नुकसान केले, पण उसाला तो मानवला. राज्याचे साखर उत्पादन घसरेल असे आम्ही सारे शहाणे सांगत होतो. हंगाम संपला तेव्हा ते सुमारे ११० लाख टन भरले, आदल्या वर्षीच्या सुमारे १०५ लाखांपेक्षाही जास्त. म्हणजे तिचा उसाचा अंदाज चुकला आणि शेअरचा बरोबर आला. सरकार भ्यायले ते अंदाजाला, साखरेचे पोते मोजून कोणी भ्यायले नव्हते. कारखाने लवकर बंद पडतील हे माझे ठाम भाकीतही गेले वाहून.

तिने मग नवा अहवाल काढला. त्यात चक्क लिहिले, की उत्पादनाचा आमचा आधीचा आकडा कमी होता, कारण अमुक, आता तमुक धरा. मी विचारले, "असं लिहायला लाज नाही वाटली?" ती म्हणाली, "मामा, तुमची नाही का आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम?" पुढे म्हणाली, की आकडा चुकल्याचा तिच्या साहेबांना राग येत नाही. तिचा अहवाल न आवडल्याने एका कंपनीचे साहेब तिचा फोन घेईनासे झाले. तिच्याच पेढीतले शेअर विकणारे लोक म्हणाले, की सगळा बाजार 'घ्या' म्हणतोय, तुला काय झालं?

हे मात्र मला पुरते कळले. पीक कापणी प्रयोगाला मी तीस वर्षे जातो आहे. आकड्यांच्या तक्त्यावरून गट नंबर निघतो, १० मीटर बाय ५ मीटरचा तुकडा आखतात, कापतात, मळतात, वजन करतात. बांधावर एका बाजूला गाव उभे असते आणि दुसऱ्या बाजूला विमा कंपनीचा माणूस. गावाला वजन कमी यायला हवे असते, त्याला जास्त. दोरी किंचित इकडे धर, किंचित तिकडे धर. काट्यावर जे येईल ते लिहिले, की संध्याकाळी चहाला कोणी बोलवत नाही. भाचीचा बांध मुंबईत आहे इतकेच.

जाता जाता एक सांगतो. हल्ली स्टँडवरच्या पोरांच्या फोनवर दिवसाला दहा 'अ‍ॅनालिस्ट' येतात, उद्या हा शेअर दुप्पट म्हणून सांगतात. अशा माणसाला सेबीचा नोंदणी क्रमांक विचारा. रिसर्च अ‍ॅनालिस्टचा क्रमांक 'आयएनएच' या अक्षरांनी सुरू होतो आणि सेबीच्या संकेतस्थळावर तो तपासून पाहता येतो. आणि वायद्याच्या, म्हणजे फ्युचर-ऑप्शनच्या, वाटेला पोरांना जाऊ देऊ नका. सेबीनेच २०२४ मध्ये तीन वर्षांचा हिशेब काढला, त्यात शंभरातल्या ९३ सामान्य माणसांना तोटा झालेला निघाला. आबांनी निदान रोखीचे शेअर घेतले होते, म्हणून दोन लाख चाळीस तरी परत आले. माझे चाळीस हजार अजून तिथेच पडून आहेत. त्यांचे आज काय झाले ते मी बघत नाही आणि बायको विचारत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये भाची पुन्हा आली. उजनी आदल्या पावसाळ्यात भरून वाहिली होती, पण ऊस तुऱ्यावर आला होता. रस्त्यावरून पांढरे तुरे डोलताना दिसायला फार छान, मात्र तुरा पडला की वाढ थांबते आणि पुढे कांडे आतून पोकळ पडत जाते. मी तिला दुसऱ्या कोणाच्या तरी फडात नेणार होतो. ती म्हणाली, "आबांकडे जाऊ." आबांच्या साठ हजारांचे तिला तोवर कळले होते. माझ्याकडून नव्हे, बहिणीकडून.

आबा बांधावरच होते. पाइपलाइनचा चर खणायला घेतला होता, त्यात उतरून दगड काढत होते. पोरीला बघून वर आले, पंचाला हात पुसले. शेअरचे कोणीच काही काढले नाही. दोघे फडात शिरले, मी मागे. आबांनी स्वतः एक ऊस मुळापासून तोडून तिला दिला, चिरून आतला पोकळ भाग दाखवला, आणि एकरी आकडा सांगितला. गेल्या खेपेपेक्षाही कमी. तिने वही काढली.

आबा माझ्याकडे न बघता तिला म्हणाले, "ल्ही बाई, समदं ल्ही. फकस्त ह्या तुझ्या मामाला काय सांगू नगंस."